लॅपटॉपचा तुलनात्मक तक्ता

सहदेव माझ्या घरी आला की ओसरीच्या कडेला उभा राहतो. बसत नाही. आम्हा दोघांना रिटायर होऊन सहा वर्षं झाली, पण शाळेत मी मुख्याध्यापक होतो आणि तो शिपाई, हे नातं त्याने ओसरीवर उभं राहून आणि मी खुर्चीत बसून अजून जपलं आहे. तो मला 'सर, तुमी' म्हणतो. मी त्याला 'काय रे सहदेव' म्हणतो. वयाने तो माझ्यापेक्षा आठ महिन्यांनी मोठा आहे. ही गोष्ट त्याच्या सेवापुस्तकात नोंदलेली असल्यामुळे मला पहिल्यापासून माहीत आहे.

"सर," तो म्हणाला, "धम्मशीलाले लॅपटॉप घ्याचा हाये."

"घे की."

"तुमी निवडून द्या. तुमाले त्यातलं समजते. शाळेत कम्प्युटर तुमीच तं आनले होते."

आणले होते हे खरं. आठ आणले होते. त्यांतल्या सहांवरचं कापडी झाकण माझ्या कारकिर्दीत निघालं नाही आणि उरलेल्या दोनांवर मुलं पत्ते खेळायला शिकली. इतक्या अनुभवी माणसाने तिथल्या तिथे हात जोडायला हवे होते. पण 'तुम्हाला त्यातलं समजतं' हे वाक्य रिटायर माणसाच्या कानावर पडलं, की त्या दिवशी त्याला रक्तदाबाची गोळी लागत नाही. मी म्हणालो, "बघू. पाठव तिला."

धम्मशीला त्याची धाकटी मुलगी. चिखलीतच कॉलेज केलं, कम्प्युटर विषय घेऊन. बंगळुरूच्या एका संस्थेत सहा महिन्यांचं शिकाऊ काम होतं; घरी बसून करायचं, वर विद्यावेतन, आणि चांगलं केलं तर पुढे नोकरी. साडेचारशे अर्जांतून बारा जण उरले होते, त्यांत ही एक. आता फक्त मुलाखत राहिली होती, तीही लॅपटॉपवरच, दोन आठवड्यांनी सोमवारी दहा वाजता. अट एकच. लॅपटॉप स्वतःचा हवा आणि त्यावर लिनक्स चालायला हवं, मुलाखतीलाही.

लिनक्स म्हणजे काय ते तिनेच मला समजावलं. प्रत्येक कम्प्युटरला आतून चालवणारी एक प्रणाली असते. नेहमीची असते ती एका कंपनीच्या मालकीची. ही मात्र सगळ्यांची. आतलं सगळं कोणालाही उघडून पाहता येतं, दुरुस्त करता येतं आणि पैसेही पडत नाहीत. फुकट आणि उघडी! मुख्याध्यापकाला या दोन्ही गोष्टींचा उपजत संशय असतो. पण मी मान हलवत होतो.

"सर, अडचण एकच आहे," ती म्हणाली. "सगळ्याच लॅपटॉपवर ते नीट चालत नाही. एकदम नवीन मॉडेल असलं तर कधी कॅमेरा चालत नाही, कधी माइक, कधी वाय-फाय. म्हणून मी यादी केली आहे."

यादी वहीच्या पानावर होती. सात ओळी. सातव्या ओळीखाली तिने दोनदा रेघ मारली होती : 'घेण्याआधी आपल्या पेनड्राईव्हवरून लिनक्स चालवून पाहणे.'

हे पान मी फायलीत लावलं. हो, फाईल केली होती. वर 'लॅपटॉप खरेदी' असं लिहिलं होतं. सहदेवने तिला सवयीने दोरी बांधून दिली.

आधी आम्ही तिघं मोईजकडे गेलो. मोईज म्हणजे शकूर मिस्त्रीचा मुलगा. शकूरने आमच्या शाळेचे बाक तीस वर्षं ठोकले, मोईज त्या बाकांवर दहावीपर्यंत बसला. आता बसस्टँडमागे त्याचं कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. पुण्यातल्या कंपन्यांनी वापरून काढलेले लॅपटॉप आणून, साफ करून विकतो. दुकान एवढं, की गिऱ्हाईक आत आलं की मालकाला पाय पोटाशी घ्यावे लागतात.

त्याने एक काळा, जाडजूड लॅपटॉप काढला. झाकणावर ओरखडे, कोपऱ्यात कुठल्याशा कंपनीचा नंबर चिकटवलेला. शाळेच्या बाकांवर आम्ही नंबर टाकायचो तसा.

"सर, दिसाले म्हैस हाये," मोईज म्हणाला, "पन लिनक्सले यासारखा नाई. बहीन, पेनड्राईव्ह लाव तुहा."

धम्मशीलाने पेनड्राईव्ह लावला. दोन मिनिटांत पडद्यावर तिची स्वतःची मांडणी उभी राहिली. तिने कॅमेरा सुरू केला, त्यात मी दिसलो. मी केस सारखे केले. तिने बोलून ऐकलं, वाय-फाय जोडलं, झाकण मिटून उघडलं. सगळं चालत होतं. सहदेव गुडघ्यांवर हात ठेवून, वाकून बघत होता.

"हे बरं हाये," तो म्हणाला. "बैल घेतानी जुपूनच पाह्यतो ना आपन. नुसते दात पाहून कोन घेते?"

"बराबर बोलले काका," मोईज म्हणाला.

मला मात्र यात एक गंभीर त्रुटी दिसली. मी विचारलं, "कोटेशन देशील?"

"काय, सर?"

"दरपत्रक. लेटरहेडवर. सही-शिक्क्यासह."

मोईजने इकडेतिकडे पाहिलं, भिंतीवरच्या कॅलेंडरचा मागच्या महिन्याचा कागद फाडला आणि मागे दोन ओळी लिहून दिल्या. मी तो कागद दोन बोटांत धरून परत केला.

"मोईज, हे चालत नसतं बाबा. खरेदीला पद्धत असते. तीन कोटेशनं, तुलनात्मक तक्ता, मग निवड."

"पन सर," धम्मशीला म्हणाली, "आपण घरचाच घेऊन राह्यलो ना."

"म्हणून काय झालं? घरचं काम सरकारी कामापेक्षा चोख हवं."

हे वाक्य मला स्वतःलाच इतकं आवडलं, की रस्त्याने मी ते मनात दोनदा म्हणून पाहिलं.

देवानंदचं दुकान मुख्य रस्त्यावर आहे. शालेय साहित्य, फर्निचर, कम्प्युटर, स्नेहसंमेलनाचे बिल्ले, सगळं. आमच्या शाळेची बावीस वर्षांची खरेदी त्याच्याकडून झाली. मला पाहताच त्याने पंखा माझ्याकडे वळवला. सहदेवला पाहून चहा सांगितला आणि सहदेवच तो घेऊन आला.

"लिनक्सला चालेल असा लॅपटॉप हवा, देवानंद."

"चालेल म्हणजे? पळेल, सर."

त्याने खोका काढला. आतला लॅपटॉप दिसला नाही, पण खोक्यावरचं चित्र दिसलं. चंदेरी, वहीइतका पातळ. धम्मशीलाच्या हातात हा कसा शोभेल ते मला लगेच दिसलं. आणि 'कोणी निवडला?' असं कोणी विचारलं, तर काय उत्तर येईल तेही.

"कोटेशनं?" मी म्हटलं.

"किती, सर? तीनच ना?"

त्याने ड्रॉवर उघडला. एक त्याचं स्वतःचं लेटरहेड, दुसरं 'ज्ञानदीप सप्लायर्स', तिसरं मेहकरच्या 'नवजीवन ट्रेडर्स'चं. तिन्हींवर त्याने एकाच पेनने, एकाच बैठकीत, चढत्या भाजणीने आकडे टाकले. सर्वात कमी अर्थातच देवानंदचा. तिन्ही कागद त्याने तीन पाकिटांत घातले, पाकिटं डिंकाने चिकटवली आणि माझ्याकडे दिली. मी ती फोडली.

यात आपण काही वावगं करतो आहोत असं मला एका क्षणालाही वाटलं नाही, हे मला प्रामाणिकपणे नोंदवलं पाहिजे. श्वास घेताना कोणाला वावगं वाटतं?

तिथेच टेबलावर मी तुलनात्मक तक्ता आखला. धम्मशीलाच्या यादीतल्या सहा ओळींचे सहा रकाने केले. सातवी ओळ, दोनदा अधोरेखित केलेली, घ्यायला जागा उरली नाही. खरं सांगायचं तर जागा होती. पण 'चालवून पाहणे' याचा रकाना मी उभ्या आयुष्यात आखला नव्हता. शेवटचा रकाना 'शेरा' हा असतो आणि तो रिकामा सोडायचा असतो.

"काका," धम्मशीला देवानंदला म्हणाली, "पेनड्राईव्ह लावून पाहू का आधी?"

"सील फुटलं की माल तुमचा, बेटा. मग परत नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिला म्हणालो, "बाई, नवीन वस्तू चालवून मागणं म्हणजे दुकानदारावर अविश्वास."

तिने पेनड्राईव्ह परत मुठीत घेतला. मी तिला सातवीत विज्ञान शिकवलं होतं. 'प्रयोगाने सिद्ध झाल्याशिवाय मानू नये' हे वाक्य फळ्यावर मीच लिहून दिलं असणार.

सहदेव दारात उभा होता. तक्त्यावर मी सही केली आणि खाली सवयीने 'मुख्याध्यापक' असं लिहून गेलो.

शनिवारी संध्याकाळी खोका उघडला. मलाही बोलावलं होतं. कलाबाईने, म्हणजे सहदेवच्या बायकोने, लॅपटॉप आधी बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे ठेवला, दोन फुलं वाहिली, मग पोरीच्या हातात दिला. शेजारच्या सोजराबाई पाहायला आल्या. "अगं माय, आरशावानी हाये!" त्या म्हणाल्या. मी पहिल्यांदा आणि शेवटचा प्रसन्न झालो.

धम्मशीलाने पेनड्राईव्ह लावला. मांडणी उभी राहिली. तिने कॅमेरा सुरू केला. काळी चौकट आली. तिने पुन्हा केला. पुन्हा काळी. बोलून पाहिलं, आवाज आत जात नव्हता. वाय-फायच्या जागी फुली.

"चार्ज नसन झाला," कलाबाई म्हणाली.

"झालाय, आई."

"मंग सरांले इचार."

सर चहाच्या कपात पाहत होते. सर म्हणाले, "नवीन आहे. हळूहळू सुरू होईल." जणू नवी सून आहे आणि आठवड्याभरात बोलायला लागेल.

धम्मशीलाने पेनड्राईव्ह काढला, लावला, काढला, लावला. तिच्या मुलाखतीला उणेपुरे चाळीस तास उरले होते. मग ती लॅपटॉप ओढणीत गुंडाळून मोईजकडे घेऊन गेली. दुकान बंद करता करता थांबून त्याने दोन तास खटपट केली. वाय-फायसाठी फोनची तार जोडून दिली, ते जमलं. पण कॅमेरा आणि माइक इतके नवे होते, की लिनक्सवाल्यांचं काम अजून त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. पुढेमागे पोचेल. सोमवारी दहापर्यंत नाही. आणि चेहरा दिसल्याशिवाय मुलाखत घेत नाहीत, हे पत्रात आधीच लिहिलेलं होतं.

रविवारी सकाळी मी आणि सहदेव खोका घेऊन देवानंदकडे गेलो. त्या दिवशी त्याने पंखा वळवला नाही.

"सील फुटलंय, सर."

"अरे, पण कॅमेरा चालत नाही."

"कंपनीची सिस्टिम काढू नका, कॅमेरा चालतो. तुम्ही दुसरी घातली. कोणी घातली?"

आता इथे मला जे सांगायचं आहे, ते सांगायला मी इतका वेळ लावला. दुकानात चार गिऱ्हाईकं होती. दोन माझे जुने विद्यार्थी. देवानंदचा प्रश्न सरळ होता, उत्तरही सरळ होतं : पोरीने घातली, तिला तेच हवं होतं, आणि न पाहता माल मी घेतला. मी म्हणालो, "मोईजच्या हातात गेला होता काल रात्री. त्यानेच काहीतरी उचकटलं असेल."

"मग त्याच्याकडेच जा," देवानंद म्हणाला. "आता तो मोईजच्या हातचा माल झाला."

एका वाक्यात मी मोईजलाही घालवलं आणि लॅपटॉपही. इतक्या कमी शब्दांत इतकं नुकसान मी आधी कधी केलं नव्हतं.

बाहेर आलो. सहदेव खोका छातीशी धरून चालत होता. कापसाच्या गाडीला वाट द्यायला आम्ही थांबलो, तेव्हा तो म्हणाला, "मोईजनं काई नाई केलं, सर."

"मला माहीत आहे रे. बोलण्यात आलं."

"हाव."

गाडी गेली. तो हलला नाही.

"सर, एक सांगू का? ते मेहकरचं नवजीवन बंद होऊन चौदा वर्ष झाले. तिथं आता बांगड्याचं दुकान हाये."

मी त्याच्याकडे पाहिलं.

"शाळेचे कोटेशन आनाले तुमी मलेच धाडत होते ना. मेहकरची येस्टी, जेवनाचा भत्ता, सगळं लिवून देत होते. पहिल्या सालीच देवानंदशेठ म्हने, 'कायले जातं बे, बस.' तिन्ही कागदं एकाच टेबलावरून देत होते. मी तिथंच बसत होतो दुपारपावतर, अन् येस्टीच्या टाइमावर येत होतो."

"मग तू कधी बोलला कसा नाहीस?"

"तुमी कधी इचारलं?" तो म्हणाला. आवाजात कसलाही टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. "मले वाटे तुमाले मालूम हाये."

मला मालूम होतं. तीच तर गोष्ट. एवढी वर्षं मला वाटत होतं की हे फक्त मला आणि देवानंदला मालूम आहे.

"अन् परवा?" मी विचारलं. "परवा देवानंदच्या दुकानात तरी बोलायचं होतंस. तुझ्या पोरीचा लॅपटॉप होता."

"मले वाटलं," सहदेव म्हणाला, "पोरीच्या टाइमाले तरी तुमी पाहून घेसान."

आम्ही मोईजच्या दुकानाकडे चालायला लागलो.

देवानंदच्या दुकानापासून मोईजच्या दुकानापर्यंत सात मिनिटं लागतात. चिखलीत निरोपाला चार लागतात.

"या सर," मोईज म्हणाला. उठून त्याने स्टूल पुसलं. मग खाली पाहत म्हणाला, "मी उचकटलं म्हने. तुमी म्हनले म्हने, देवानंदशेठकडं."

मी म्हणालो, "त्याने चुकीचं ऐकलं असेल."

सहदेव माझ्या मागेच उभा होता. तो वर पंख्याकडे पाहायला लागला. पंखा बंद होता.

"असन," मोईज म्हणाला. "बसा."

मी विचारलं, तो काळा लॅपटॉप आहे का. तो शुक्रवारीच देऊळगाव राजाच्या एका मास्तरने चालवून पाहून नेला होता. दुसरा माल यायला अजून दहा दिवस होते.

सहदेवने खोका खाली ठेवला. एवढ्या वर्षांत मी त्याला अनेक ओझी उचलताना पाहिलं, ठेवताना असं पाहिलं नव्हतं.

"काका, टेन्शन नका घेऊ," मोईज म्हणाला. "माह्या कामाचा हाये ना हा." त्याने समोरच्या लॅपटॉपवर हात ठेवला, त्याच्या दोन बटणांवरची अक्षरं झिजून गेली होती. "उद्या दहा वाजता बहिनीले इथं धाडा. तिचं सगळं पेनड्राईव्हातच हाये. लावलं की तिचाच झाला. मी दोन घंटे काम बंद ठेवतो."

सोमवारी शटर अर्धं ओढलं होतं. आत धम्मशीला, मागे भिंतीला एक पांढरी चादर. ती मोईजच्या बायकोने, खुर्शीदाने, घरून इस्त्री करून पाठवली होती. मोईज आणि सहदेव बाहेर रस्त्यावर रिक्षावाल्यांना हॉर्न वाजवू नका म्हणून सांगत फिरत होते. मला शटरजवळ आतल्या बाजूला स्टूल दिलं होतं, कॅमेऱ्यात येणार नाही असं. त्या दुकानात माझ्या लायकीची तेवढी एकच जागा होती.

मुलाखत घेणाऱ्या बाई होत्या, हिंदीत बोलत होत्या. विषय कम्प्युटरचा, त्यामुळे बरंच मला कळलं नाही. धम्मशीला आधी अडखळली, मग पळायला लागली. देवानंद म्हणाला होता तशी. शेवटी बाईंनी विचारलं ते मात्र शब्द न् शब्द कळलं. हा लॅपटॉप तुम्ही कसा निवडलात?

"हा माझा नाही, मॅडम," ती म्हणाली. "माझा घेतला, पण तो चुकला. त्याचा कॅमेरा लिनक्सवर चालत नाही. हा आमच्या एका दादांचा आहे. पुढच्या आठवड्यात मी दुसरा बघणार आहे."

"आधी चालवून पाहायला हवा, हे माहीत नव्हतं?"

स्टुलावरून उठायला मला फार तर एक सेकंद लागला असता. कॅमेऱ्यात यायला दोन पावलं. 'बाई, तो मी निवडला' एवढंच म्हणायचं होतं. पंचवीस वर्षं मी प्रार्थनेनंतर मुलांना सत्यावर बोललो होतो, रोज पाच मिनिटं. सगळी बेरीज केली तर शाळेचे दोन-तीन महिने भरतील.

"माहीत होतं, मॅडम," धम्मशीला म्हणाली. "चूक माझी. मी जोर धरला नाही."

मी बसून राहिलो. चष्मा पुसला. स्वच्छ होता.

गुरुवारी निवड झाल्याचं पत्र आलं. एक तारखेपर्यंत स्वतःचा लॅपटॉप हवा, एवढं त्यात पुन्हा लिहिलं होतं. सहदेवने मला पेढा आणून दिला, ओसरीवर उभं राहून. मी तो हातात घेतला आणि उठून उभा राहिलो.

"सहदेवराव," मी म्हणालो.

त्याने मागे वळून पाहिलं, कोण आलं म्हणून.

"तुम्हीच," मी म्हणालो. "बसा आधी."

तो बसला, खुर्चीच्या काठावर, पळून जाता येईल असा. मी म्हणालो की तो चंदेरी लॅपटॉप मी घेतो, ज्या भावाने तुम्ही घेतला त्याच भावाने. कंपनीची सिस्टिम ठेवली की चालतो, मला लिहायला उपयोगी पडेल. तुम्ही त्या पैशांत धम्मशीलाला हवा तो घ्या.

सहदेवने बराच विचार केला.

"वापरेल माल हाये, सर," तो म्हणाला. चेहऱ्यावर काही नव्हतं. "असा इकता येत नाई. तीन कोटेशन लागतीन."

आतून माझी बायको अन्नपूर्णाबाई एवढ्याने हसली, की तिच्या हातातलं भांडं पडलं. मी हसलो नाही. मी आत गेलो, कागद आणले आणि त्याच्यासमोर लिहायला बसलो. एक माझ्या नावाने. दुसरं अन्नपूर्णाबाईच्या. तिसऱ्याला नाव सुचेना.

"मेहकरवालं टाका ना," सहदेव म्हणाला. "ते कुठं नाई म्हनते."

पुढच्या बुधवारी मोईजकडे नवा माल आला. नवा म्हणजे जुना. धम्मशीलाने चार लॅपटॉप एकामागून एक पेनड्राईव्ह लावून पाहिले. एकाचं वाय-फाय तुटक होतं, एकाची बॅटरी अर्ध्या तासात बसली, एकाचा आवाज घशात अडकल्यासारखा. चौथा उभा राहिला, दिसला, बोलला. दुपारचे दोन तास गेले. कोणालाही अविश्वास वाटला नाही, मोईजला तर नाहीच, तोच म्हणत होता, "अजून अर्धा घंटा चालव, बहीन. गरम होते का पाह्य."

मी फाईल घेऊन गेलो होतो. त्यात नवा तुलनात्मक तक्ता होता, चार लॅपटॉपचा, सात रकान्यांचा. सातव्यावर लिहिलं होतं : 'चालवून पाहिले काय?' तिच्या वहीचं पान मी वर लावलं होतं, त्या दोन रेघांसकट.

सगळ्यांत शेवटी शेऱ्याचा रकाना. तो घरूनच भरून नेला होता, कारण तोंडाने जमणार नाही याची मला खात्री होती. त्यात लिहिलं होतं : 'यापूर्वीचा लॅपटॉप न पाहता मी निवडला. त्यात मोईज शकूर यांनी काहीही बिघडवलेले नाही. तसे मी देवानंद यांच्या दुकानात म्हणालो ते खोटे होते, आणि म्हणालो नाही असे इथे म्हणालो तेही खोटे होते. धम्मशीलाने आधी चालवून पाहायला सांगितले होते.'

कागद मी मोईजपुढे सरकवला. त्याने वाचला. परत पहिल्यापासून वाचला. मग धम्मशीलाकडे दिला. ती वाचत असताना मी त्या दुकानातल्या सगळ्या वायरी मोजल्या.

"सर," मोईज म्हणाला, "याची एक झेरॉक्स देवानंदशेठकडं बी द्या लागन."

"देतो. मीच नेऊन देतो."

"आन् शिक्का नाई यावर."

"शिक्का शाळेत राहिला."

"चालन," मोईज म्हणाला. "आपल्या दुकानात बिनाशिक्क्याचं चालते."

धम्मशीलाने कागद माझ्यापुढे ठेवला. तिचे डोळे खाली होते. "सर, सही आहे. तारीख राह्यली."

मी पेन काढलं. माझा हात आपोआप त्या रविवारची, देवानंदच्या दुकानातली तारीख टाकायला निघाला. शाळेत सगळे कागद असेच व्हायचे : काम आज सुचलं, तारीख त्या दिवशीची, जेव्हा ते करायला हवं होतं. रविवारची तारीख पडली असती तर कागदोपत्री मी रविवारीच खरं बोललो असतो.

मागून सहदेव वाकला. एवढ्या वर्षांत त्याने माझ्या टेबलावर असंख्य कागद ठेवले आणि नेले, पण कधी वाकून पाहिलं नव्हतं.

"सर," तो हळू म्हणाला, "आजची टाका."

मी आजची टाकली.